कृष्णातरावांचं आयुर्मान

कागदावरची पेन्सिलीची खूण खोडरबराने खोडली, तर पहिल्या खेपेला काही बिघडत नाही. तिसऱ्या-चौथ्या खेपेला कागदाची चकाकी जाते, तंतू उभे राहतात आणि बोट फिरवलं तर तिथे मखमलीसारखं लागतं. त्यानंतर कागद पातळ व्हायला लागतो. जुलै २००१ च्या शेवटच्या आठवड्यात मी आमच्या घरातलं एक पर्यायपत्र खिडकीपाशी धरून पाहिलं, तेव्हा त्यातल्या दोन्ही चौकोनांतून उजेड आरपार येत होता. दोन्हीतून सारखाच.

पर्यायपत्र माझ्या यजमानांचं, कृष्णातांचं. ते एका महामंडळात वरिष्ठ लिपिक होते आणि पुढच्या वर्षी, अठ्ठावन्नाव्या वर्षी, निवृत्त होणार होते. महामंडळाने तीन वर्षांपूर्वी सगळ्या कर्मचाऱ्यांना विचारलं होतं : निवृत्तीच्या वेळी भविष्य निर्वाह निधीची रक्कम एकदम घेणार, की निधीतला महामंडळाचा हिस्सा सोडून देऊन त्याबदल्यात जन्मभर पेन्शन घेणार? एकदा निवडलं की बदल नाही. कृष्णात सकाळी एका चौकोनात खूण करत आणि संध्याकाळी ती खोडत. मुदत संपत आली की कुठली तरी संघटना निवेदन देई आणि मुदत वाढे. मुदत वाढल्याच्या दिवशी आमच्याकडे पेढे यायचे. शाळेत मला लोक विचारायचे, "काय मॅडम, बढती का?" मी म्हणायची, "नाही, लांबणीवर पडलं."

यंदा मात्र परिपत्रकात 'अंतिम' हा शब्द दोनदा होता. मंगळवार, एकतीस जुलै. आयकर विवरणपत्र भरायची शेवटची तारीखही तीच. आणि हे दोन कागद एकमेकांत अडकले होते. विवरणपत्रात वर्षभरातली निधीची वर्गणी दाखवली की करात सूट मिळते. त्यासाठी कार्यालयाचा सोळा नंबरचा फॉर्म लागतो. पण पेन्शन निवडणाऱ्यांची वर्गणी मागल्या वर्षीच्या एप्रिलपासून दुसऱ्या निधीत वर्ग होणार होती. त्यामुळे महामंडळाचे लेखाधिकारी दत्तोपंत फॉर्मवर सही करायला तयार नव्हते.

"कुठल्या निधीचं नाव घालू?" ते म्हणत. "आधी पर्याय आणा, मग फॉर्म न्या."

दत्तोपंत कोल्हापूरच्या बावड्यात आमच्याच गल्लीत, दोन घरं सोडून राहत. ते रस्त्यात दिसले की कृष्णात सायकलवरून उतरून चेन बसवू लागत. चेन पडलेली नसे.

एकदम रक्कम घ्यायची म्हटलं की कृष्णातांच्या डोळ्यांसमोर ती रक्कम नाचायला लागे. एका आठवड्यात कुक्कुटपालन, दुसऱ्या आठवड्यात झेरॉक्सचं दुकान, आणि मलकापूरहून त्यांचा चुलतभाऊ जोतीराम येऊन गेला की ट्रॅक्स, म्हणजे प्रवासी जीप. जोतीरामने ट्रॅक्स चालवायची, मलकापूर ते कोल्हापूर, आणि कृष्णातांनी पुढच्या सीटवर बसून मालक व्हायचं. पेन्शन म्हटलं की मात्र ते गप्प होत.

मला पेन्शन हवी होती. त्याचं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी वनस्पतिशास्त्राची एम.एस्सी., बावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवत होते आणि स्वेच्छानिवृत्तीला पात्र झाले होते. विद्यापीठातली माझी वर्गमैत्रीण भैरवी तीन वर्षं मागे लागली होती, "दीक्षा, शाहूवाडीच्या डोंगरातले नेचे कुणी नीट पाहिलेलेच नाहीत गं. ये की माझ्याकडे." नेचा म्हणजे ओढ्याकाठच्या दगडाच्या फटीत उगवणारी, फूल न येणारी वनस्पती. घरात दरमहा काही नक्की येणार असेल, तर मला नोकरी सोडता येणार होती. ट्रॅक्समधून काही नक्की येत नाही. मी हे रोज बोलायचं ठरवायची आणि रोज भाजीला फोडणी द्यायची वेळ व्हायची.

बोलायचं राहून गेलं की मी आलेख काढते. एका रेषेत निधी आणि त्यावरचं व्याज, दुसऱ्या रेषेत पेन्शन. दोन्ही रेषा एकाहत्तराव्या वर्षी एकमेकींना छेदत होत्या. म्हणजे प्रश्न सोपा होता. कृष्णात एकाहत्तरच्या पुढे जगणार असतील तर पेन्शन, नाही तर निधी. उरलं एवढंच की ते किती जगतील. त्यासाठी घराण्याची माहिती हवी होती.

शुक्रवारी संध्याकाळी मी जोतीरामला फोन लावला. मलकापुरात त्याचं एसटीडी बूथ होतं. कृष्णातांनी बजावलं होतं, "फंडाचं नाव काढू नकोस. सगळा गाव हात पसरून येईल." आणि बाहेरगावचा कॉल, म्हणून मी मोजकंच बोलले.

"जय भीम वहिनी! बोला की."

"जय भीम. भाऊजी, मामंजी वारले तेव्हा त्यांचं वय काय होतं?"

"आबाचं व्हय? असंल की साठ-बासष्ट. का वो?"

"कशाने गेले?"

"फणसावरनं पडलं न्हाय का! तुमास्नी म्हाईत हाय की."

"खात्री करून घेतेय. आणि त्यांचे वडील? चुलते? सगळ्यांची वयं आणि कारणं लागतील."

मग त्याने आवाज खाली आणला. "वहिनी, दादा बरा हाय न्हवं?"

"तेच बघायचंय," मी म्हणाले. "अजून किती वर्षं धरायची ते ठरवायला हवं. मंगळवारच्या आत कळवा. नंतर उपयोग नाही."

आणि मी फोन ठेवला. माझ्या मते संभाषण अगदी स्वच्छ झालं होतं.

रविवारी सकाळी कृष्णातांनी केसांना आणि मिशीला कलप लावला. कलप वाळेपर्यंत हलायचं नाही, अशी त्यांची शिस्त. परसदारी आरामखुर्चीत ते पाय लांब करून पडले, गळ्याशी जुना टॉवेल, आणि माश्या बसू नयेत म्हणून तोंडावर वर्तमानपत्र. मी स्वयंपाकघरात विवरणपत्राचा 'सरल' फॉर्म पुसट पेन्सिलीने भरत होते. पावसाने उघडीप दिली होती.

दारात टेम्पो थांबला. मी खिडकीतून पाहिलं. टेम्पोतून आधी जोतीराम उतरला, मग मेणबत्त्यांचं पुडकं उतरलं, आणि मग एकामागून एक पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका उतरू लागल्या. आमच्यात मयताला पांढरी साडी नेसतात. माझ्या मनात पहिला विचार आला, 'अरे, कोण गेलं? ह्यांना सांगायला हवं.'

पण सांगायला अवधीच मिळाला नाही. सगळ्यांत पुढे चिमणाबाई आत्ती होत्या, कृष्णातांची सख्खी आत्या, नव्वदीला टेकलेल्या, काठी टेकायला नाही तर लोकांना बाजूला सारायला वापरणाऱ्या. त्या घरातून तडक परसदारी गेल्या. पाय लांब केलेला, तोंड झाकलेला पुतण्या त्यांनी पाहिला आणि असा हंबरडा फोडला, की शेजारच्यांची शेळी दाव्याला हिसका देऊन उठली.

"आरं माझ्या कृष्ण्याऽऽ! आमी यायच्या आत गेलास व्हय रंऽऽ!"

मागच्या चौघींनी सूर धरला. वर्तमानपत्र उडालं. खालून काळीकुट्ट मिशी, काळी झालेली वरची कपाळपट्टी आणि पांढरेफटक डोळे वर आले.

"अगं बाई! त्वांडबी काळं पडलं!" एक जण म्हणाली.

"कोण गेलं?" कृष्णात ओरडले.

"तू!" आत्ती म्हणाल्या.

आत्तींनी काठीचं टोक कृष्णातांच्या दंडाला टोचून पाहिलं. कृष्णात "आई गं" म्हणाले. आत्ती जोतीरामकडे वळल्या आणि तीच काठी त्याच्या पोटरीवर बसली.

"मुडद्या! जिता हाय की ह्यो!"

"मला काय म्हाईत! वहिनीच म्हणल्या, मंगळवारच्या आत, नंतर उपयोग न्हाय! म्हून मयताच्या तयारीनंच आलो! इचारा त्यास्नी! मामंजी कशानं गेलं, आजा कशानं गेला... डाक्टरबी असंच इचारत्यात की!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात अजून पेन्सिल होती.

"मला सांख्यिकी माहिती हवी होती," मी म्हणाले.

हे वाक्य मी वर्गात अनेकदा उच्चारलं आहे. त्या दिवशी मात्र ते तोंडातून बाहेर पडलं आणि माझ्याच कानांना इतकं विचित्र वाटलं की मला हसू फुटलं. मी सहसा हसत नाही. निदान आवाज करून नाही. पण कलप गालावरून ओघळत असलेले कृष्णात, मेणबत्त्यांचं पुडकं छातीशी धरलेला जोतीराम आणि "मयताला आलोय म्हणून उपाशीच निघालो, च्या तरी टाक" म्हणणाऱ्या आत्ती बघून मला हसू आवरेना. मी न्हाणीच्या भिंतीला टेकून खाली बसले.

"हिलाच काय तरी झालंय," आत्ती म्हणाल्या.

एवढ्यात पुढच्या दारातून दत्तोपंत आत आले. पांढऱ्या साड्या त्यांनी गच्चीवरून पाहिल्या होत्या. चेहरा गंभीर, हातात हार. ते परसदारी आले आणि कृष्णातांना उभं पाहून जागच्या जागी थबकले. हार पाठीमागे गेला.

"नमस्कार," ते म्हणाले. "हे आपलं... बाबासाहेबांच्या फोटोसाठी आणला होता."

"आज?" कृष्णातांनी विचारलं.

"रविवार आहे ना."

तो हार त्यांनी खरोखरच आत जाऊन फोटोला घातला, नमस्कार केला आणि बाहेर येऊन म्हणाले, "कृष्णातराव, तुम्ही आहात याचा आनंद आहे. पण खरं सांगतो, येताना माझ्या मनात एकच विचार होता. माणूस पर्याय न देता गेला."

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी पातेलंभर पोहे केले, चहा केला, आणि परसदारी चटया घालून सगळ्यांना निधी आणि पेन्शन समजावून सांगितली. आलेखही दाखवला. आत्तींनी तो उलटा धरला, पण मुद्दा त्यांना सगळ्यांच्या आधी कळला.

"म्हंजे ह्यो लय जगला तर पेन्शन बरी, आन लवकर गेला तर फंड बरा. मग त्यात काय? आमच्या घरात मानूस मरत न्हाय. पाडावा लागतोय."

"आबा बासष्टाव्या वर्षी गेले," मी म्हणाले.

"फणसावरनं पडला म्हणून! न्हाय तर आजबी बसला असता हितं पोहे खात."

"आजोबा?"

"बैलानं मारलं."

"थोरले चुलते?"

"त्यो इहिरीत पडला. पवायला येत हुतं, पर ज्याच्या संगं पैज लावलती त्याला हारवायच्या नादात दगडावर आपाटला."

"आणि धाकटे?"

आत्तींनी जरा विचार केला. "लगनाच्या वरातीत घोडी भेदारली. नवरदेव राह्यला, ह्यो गेला."

मी पेन्सिल खाली ठेवली. चौघांपैकी एकही पुरुष आजाराने गेलेला नव्हता. नमुना म्हणून हे घराणं पूर्ण निरुपयोगी होतं.

"म्हणजे अपघात वेगळे काढले, तर कृष्णातरावांना मरणच नाही," दत्तोपंत म्हणाले आणि त्यांनी पुन्हा पोहे घेतले.

"थांबा, थांबा," जोतीराम मध्येच म्हणाला. त्याच्या डोळ्यांपुढे ट्रॅक्स होती हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. "मी स्पष्टच बोलतो, दादा, राग धरू नगंस. तू काय लय जगत न्हाईस."

"का रं?"

"पोट बघ की! जिना चढताना धापा टाकतोस. तंबाखू सोडली म्हणतोस आन खिशात पुडी घावती. आन आपल्या घराण्याचा इतिहास बघ. एक बी मानूस धड अंथरुणात मेला न्हाय. तुलाबी काय तरी घावंलच. त्यापरीस फंड घे, दोन वर्स ट्रॅक्सच्या फुडच्या सीटवर मजेत बस."

"तू चालवनार आन मी फुडं बसनार," कृष्णात म्हणाले. "म्हंजे मला काय घावंल त्ये कळलं."

पांढऱ्या साड्यांची सगळी रांग खदखदून हसली. कुंपणाबाहेर शेजारणी जमल्या होत्या. त्यांनाही आत घेतलं आणि मग जो तो बोलू लागला. एक जण कृष्णातांचे कान बघून म्हणाली की लांब पाळीचा माणूस ऐंशी गाठतोच. दुसरीने त्यांना जीभ दाखवायला लावली. कलप लावलेला माणूस जीभ काढून उभा आहे आणि मयताला म्हणून आलेली माणसं त्याच्या आयुष्यासाठी भांडताहेत. मी पुन्हा हसू लागले. पोट दुखायला लागलं, तरी थांबता येईना.

"दत्तोपंतसाहेब," जोतीरामने चिकाटी सोडली नाही, "पेन्शन घेतली तर हातात एकदम काहीच यीत न्हाय व्हय?"

"असं कुठे आहे? पेन्शनचा तिसरा हिस्सा विकता येतो. निवृत्तीच्या वेळी त्याची रक्कम एकदम मिळते. विवरणपत्रात ती करमुक्त रकमेत दाखवायची. त्यावर कर नाही."

"किती येत्यात?"

दत्तोपंतांनी अंदाजे आकडा सांगितला. जोतीरामचे ओठ हलले. बहुधा त्याने त्यातून जुनी ट्रॅक्स वजा करून पाहिली.

"दादा," तो एकदम उठून उभा राहिला, "तू नव्वदी गाठतोस बघ! लिहून देतो! आरं, पोट म्हंजे काय, खात्यापित्या घरची निशानी!"

या वेळी आत्तींनीसुद्धा काठी न उचलता नुसता पदर तोंडाला लावला.

हसणं ओसरल्यावर लक्षात आलं की आता पेन्शनला कुणाचाच विरोध राहिला नाही. आलेखाचा नाही, घराण्याचा नाही, ट्रॅक्सचाही नाही. दत्तोपंतांनी खिशातून पेन काढलं. "मग कृष्णातराव, उद्या सकाळी पर्याय द्या. दुपारी फॉर्म देतो. मंगळवारी वहिनींनी विवरणपत्र भरावं."

कृष्णातांनी पेन घेतलं नाही. टॉवेलने मान पुसली. टॉवेल काळा झाला.

"तसं न्हाय," ते म्हणाले. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता. "फंड म्हटलं की काय तरी करायचं असतं. ट्रॅक्स म्हना, कोंबड्या म्हना. पेन्शन म्हंजे दर म्हैन्याला पैसं येनार आन मी घरात. ही शाळेत जानार. मी करू काय? नव्वद वर्सं म्हंता तुमी. रिटायर झाल्यावर बत्तीस वर्सं ह्या खुर्चीत पडून काय करू?"

तीन वर्षं मी त्यांच्याशी व्याजदरांवर बोलत होते. हे मला एकदाही दिसलं नव्हतं. मी आलेखात बघत होते आणि ते तिथे नव्हतं.

आत्तींनी काठीने चटई सरळ केली. "त्ये ऱ्हाऊ दे. ही काय म्हंती?" त्या माझ्याकडे वळल्या. "मास्तरीनबाई, सगळ्यास्नी इचारलंस कोण कशानं मेलं. तुझं काय? तुला काय पायजे?"

"हां, वहिनीस्नी इचारा की," जोतीराम म्हणाला.

"हिला पेन्शन पायजे, दुसरं काय," कृष्णात म्हणाले. "हिला सगळं ठरल्यालं लागतंय."

"कशाला पायजे?" आत्तींनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. फोडणीची वेळ झालेली नव्हती. सकाळचे पोहेसुद्धा अजून संपायचे होते. माझे डोळे हसून हसून ओले झाले होते आणि अंग इतकं हलकं वाटत होतं की जीभ आपोआप उचलली गेली.

"तुम्ही पेन्शन घ्या," मी कृष्णातांना म्हणाले. "मी शाळा सोडतेय. मला शाहूवाडीच्या डोंगरात नेचे शोधायला जायचंय, आणि तुम्हीही माझ्याबरोबर यायचंय."